माणसें मोजणारें यंत्र

घरांत माणसें किती आहेत, हें जेवणाचीं पानें मांडतांना गृहिणीला मोजून पाहावें लागत नाहीं. गांवचा तलाठीहि बोटें मोडून गांवांतील उंबरठे सांगूं शकतो. परंतु पांच कोटि माणसांच्या देशांत अविवाहित पुरुष किती, त्यांपैकीं परदेशांत जन्मलेले किती, आणि त्यांतले पुन्हां लोहारकाम करणारे किती, असा प्रश्न कोणीं विचारला तर उत्तर देणाऱ्याच्या तोंडचें पाणी पळावें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांवर असा प्रसंग १८८० सालीं आला आणि त्या प्रसंगांतून एक यंत्र जन्मास आलें. त्या यंत्राची, तें घडविणाऱ्या मनुष्याची आणि त्यानें वापरलेल्या जाड कागदाच्या एका साध्या तुकड्याची हकीकत हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेंत खानेसुमारी ही सरकारची हौस नव्हे. दर दहा वर्षांनीं शिरगणती झालीच पाहिजे असें कलम तेथील राज्यघटनेंतच आहे. कारण लोकप्रतिनिधींच्या सभेंत कोणत्या संस्थानाला किती जागा द्यावयाच्या, हें लोकसंख्येवरून ठरतें. १७९० सालच्या पहिल्या गणनेंत ३९ लाख माणसें भरलीं. त्या वेळीं प्रश्नहि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. १८८० सालीं माणसें ५ कोटींच्या वर गेलीं. आणि प्रश्न तर माणसांहूनहि वेगानें वाढले होते. वय, वर्ण, जन्मस्थान, आईबापांचें जन्मस्थान, धंदा, बेकारी, आजार, लिहितां-वाचतां येतें कीं नाहीं, अशी सारी चौकशी प्रत्येक माणसाबद्दल करण्यांत आली होती.

माहिती गोळा करण्याचें काम कांहीं आठवड्यांत उरकलें. खरी रड पुढेंच होती. वॉशिंग्टनच्या कचेरींत कारकून ओळीनें बसत आणि घरोघरच्या माहितीचे लांबरुंद तक्ते पुढ्यांत घेऊन प्रत्येक माणसाबद्दल कोऱ्या कागदावर योग्य त्या चौकटींत एक रेघ ओढीत. पांच रेघा झाल्या कीं एक जुडी. जुड्यांची बेरीज म्हणजे त्या पानाचें उत्तर. एक गोष्ट मोजून झाली कीं दुसऱ्या गोष्टीसाठीं तेच तक्ते पुन्हां पहिल्या पानापासून. वयाचा धंद्याशीं मेळ घालावयाचा तर तिसरी फेरी, आणि त्यांत जन्मस्थान मिसळावयाचें तर चौथी. चार्ल्स सीटन नांवाच्या मुख्य कारकुनानें रुळांवरून कागद फिरविणारी एक सोईची पेटी तयार केली होती. तिनें डोळ्यांचा त्रास थोडा वांचला, रेघा मात्र हातानेंच ओढाव्या लागल्या. या गणनेचे सर्व खंड छापून निघेपर्यंत सात-आठ वर्षें गेलीं. हीच रीत पुढें चालू राहिली तर १८९० च्या गणनेचे आंकडे १९०० ची गणना सुरू झाली तरी हातीं येणार नाहींत, हें भाकित करावयास ज्योतिषाची गरज नव्हती.

याच कचेरींत १८७९ सालीं एकोणीस वर्षांचा एक तरुण नोकरीस लागला. त्याचें नांव हर्मन हॉलेरिथ. जर्मनींतून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांत, न्यूयॉर्क संस्थानांतील बफलो शहरीं, २९ फेब्रुवारी १८६० रोजीं तो जन्मला; म्हणजे वाढदिवसहि चार वर्षांनीं एकदां येणारा. शाळेंत शब्दांचीं स्पेलिंगें पाठ करण्याचा त्याला इतका तिटकारा कीं तो तास चुकविण्यासाठीं त्यानें खिडकींतून उडी मारल्याची गोष्ट त्याच्याविषयीं सांगतात. पुढें न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजच्या खाणकाम-शाळेंतून तो पदवीधर झाला. तेथील प्राध्यापक ट्रोब्रिज हे खानेसुमारीच्या कामांत सल्लागार होते. त्यांनीं आपल्या या विद्यार्थ्याला बरोबर नेलें. कारखान्यांत वाफेची व पाण्याची शक्ति किती वापरली जाते, याचा तपशील तयार करणें हें त्याचें मूळ काम. पण कचेरी एकच असल्यामुळें शेजारच्या दालनांतील रेघांचा कारखाना त्याच्या नजरेसमोर अहोरात्र चालू होता.

खानेसुमारींतील जन्ममृत्यूच्या आंकड्यांचें काम डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरांकडे होतें. वैद्यकीय ग्रंथांची सूचि करण्याच्या त्यांच्या कामामुळें हे गृहस्थ जगभर नांवाजलेले. त्यांच्या मुलीच्या ओळखीनें हॉलेरिथ एका रविवारीं संध्याकाळीं त्यांच्या घरीं जेवावयास गेला. जेवतांना बोलणें कचेरीवर आलें आणि, निवळ यांत्रिक असलेलें हें बेरजांचें काम एखाद्या यंत्रानेंच करावयास हवें, असें डॉक्टर बोलून गेले. प्रत्येक माणसाचें एक कार्ड करावें आणि त्याचें वर्णन कार्डाच्या कडेला खांचा पाडून दाखवावें, असेंहि त्यांनीं सुचविलें. ही हकीकत हॉलेरिथनें स्वतःच अनेक वर्षांनंतर एका पत्रांत लिहून ठेवली आहे. पुढें तो त्यांच्याकडे पुन्हां गेला आणि या कामांत आपल्याबरोबर भागीदार व्हा, अशी त्यानें त्यांना विनंति केली. डॉक्टरांनीं नकार दिला. प्रश्न सुटावा, एवढीच त्यांची इच्छा होती. यंत्राचें खरें श्रेय कोणाचें, यावर पुढें पंडितांत बरेंच चर्वितचर्वण झालें. पण कल्पना सुचणें आणि ती पितळ, लोखंड व तारा यांच्या रूपानें उभी करणें यांतील अंतर या दोघांना पुरतें ठाऊक होतें, आणि त्यांच्यांत स्वतः कधीं वाद झाल्याचें दिसत नाहीं. डॉक्टरांच्या मुलीशीं मात्र हॉलेरिथचें लग्न झालें नाहीं. तें १८९० सालीं दुसरीकडे झालें.

१८८२ सालीं हॉलेरिथ मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेंत शिकविण्यास गेला. परंतु वर्षानुवर्षें तोच पाठ म्हणण्याचा त्याला कंटाळा आला. नंतर थोडे दिवस त्यानें पेटंट-कचेरींत परीक्षकाची नोकरी केली. पुढें ज्याला जन्मभर पेटंटांच्या जोरावर जगावयाचें होतें, त्याच्या दृष्टीनें ही उमेदवारी वायां गेली नाहीं. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यानें स्वतःचा पहिला अर्ज दाखल केला. त्यांतील यंत्रांत कार्ड नव्हतें, कागदाची लांब पट्टी होती. पट्टीवर एकेका माणसाची माहिती ओळीनें भोंकें पाडून लिहावयाची आणि ती पट्टी धातूच्या रुळावरून सरकवावयाची. जेथें भोंक येईल तेथें वरची सुई रुळाला टेकून विजेचा प्रवाह सुरू होई आणि मोजणीचा कांटा एक घर पुढें जाई. कल्पना नामी होती; पण पट्टी म्हणजे जणूं एकच सलग सांखळी. हव्या त्या माणसापाशीं पोंचण्यासाठीं सारी पट्टी उलगडावी लागे, आणि शेतकरी एका बाजूला व विणकर दुसऱ्या बाजूला अशी निवड करावयाची तर पट्टी कातरीनें कापण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

या अडचणींतून सुटण्याची वाट त्याला आगगाडीच्या प्रवासांत दिसली. त्या वेळीं पश्चिमेकडील कांहीं गाड्यांवर तिकिटें चोरून वापरण्याचे प्रकार होत. त्याला आळा बसावा म्हणून गार्ड तिकिटावर छापलेल्या जागीं चिमट्यानें भोंकें पाडून उतारूचें वर्णन नोंदवीत असे : केस फिकट, डोळे काळे, नाक मोठें. दुसऱ्यानें तें तिकीट दाखविलें कीं चोरी उघडी पडे. तिकीट म्हणजे उतारूचें भोंकांनीं काढलेलें चित्रच झालें. हॉलेरिथनें हेंच उचललें. एका माणसाला एक कार्ड. कार्ड सुटें असल्यानें तें हव्या त्या गठ्ठ्यांत टाकतां येतें, गठ्ठा पुन्हां फोडतां येतो, चुकलें तर तेवढेंच कार्ड बदलतां येतें. एवढ्याशा फरकानें सारा प्रश्न सोपा झाला.

भोंकें पाडलेल्या कार्डांनीं यंत्राला हुकूम देण्याची रीत त्यापूर्वींहि होती. फ्रान्समधील लियों शहरीं जाकार नांवाच्या कारागिरानें १८०४-०५ च्या सुमारास असा माग तयार केला कीं, नक्षीचा कोणता धागा उचलावयाचा हें कार्डांची माळ ठरवीत असे. इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यांनीं आपल्या कल्पनेंतील गणितयंत्राला असल्याच कार्डांनीं आज्ञा देण्याचें योजिलें होतें. पण तें यंत्र पुरें झालें नाहीं. जाकारचीं कार्डें मागाला काय कर तें सांगत. हॉलेरिथच्या कार्डांत हुकूम नव्हता. त्यांत माणसाची माहिती होती. हा भेद बारीक असला तरी पुढच्या गोष्टींच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे.

पहिली कसोटी बाल्टिमोर शहराच्या मृत्यूंच्या आंकड्यांवर झाली. १८८६-८७ च्या सुमारास हजारों कार्डांवर हॉलेरिथनें गार्डाच्या त्याच हातचिमट्यानें भोंकें पाडलीं. संध्याकाळपर्यंत हात लाकडासारखा होऊन जाई. शिवाय चिमटा कार्डाच्या कडेपलीकडे पोंचत नसल्यामुळें मधली सारी जागा फुकट जाई. या हातदुखींतूनच त्याचें दुसरें उपकरण निघालें. नकाशे लहानमोठे करण्यासाठीं पॅन्टोग्राफ वापरतात, त्या धर्तीवरचें हें टोचणयंत्र. टेबलावर भोंकांचा एक मोठा नमुनापट मांडलेला. त्यावर कोणत्या भोंकाचा अर्थ काय, तें लिहिलेलें. कामगारानें दांडीचें टोंक हव्या त्या भोंकांत दाबलें कीं दांडीच्या दुसऱ्या टोंकाची कानस कार्डावर नेमक्या जागीं वाटोळें भोंक पाडी. बाल्टिमोरनंतर न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहर यांच्या आरोग्यखात्यांनीं हीच पद्धत वापरून पाहिली.

१८८९ सालीं खानेसुमारीचे नवे प्रमुख रॉबर्ट पोर्टर यांनीं एक समिति नेमून उघड परीक्षा ठेवली. तीन पद्धति पुढें आल्या. हंट यांच्या पद्धतींत रंगीत शाईनें लिहिलेल्या चिठ्ठ्या, पिजिन यांच्या पद्धतींत रंगीत कार्डांचे तुकडे, आणि तिसरी हॉलेरिथची वीज. तिघांनाहि सेंट लुई शहरांतील चार भागांच्या मागील गणनेची तीच माहिती देण्यांत आली, माणसें १०,४९१. तक्त्यांवरील माहिती उतरून घेण्यास हंट यांना १४४ तास २५ मिनिटें, पिजिन यांना ११० तास ५६ मिनिटें, आणि हॉलेरिथला ७२ तास २७ मिनिटें लागलीं. येथवर फरक दुपटीचा. पुढें तयार माहितीची मोजणी सुरू झाली. हंट यांना ५५ तास २२ मिनिटें लागलीं आणि पिजिन यांना ४४ तास ४१ मिनिटें. हॉलेरिथचें यंत्र ५ तास २८ मिनिटांत मोकळें झालें. समितीला निकाल देण्यास फारसा विचार करावा लागला नसावा.

आतां तें यंत्र चालत कसें असे, तें पाहूं. श्रोत्यांनीं उभ्या पियानोएवढें एक लाकडी टेबल डोळ्यांपुढें आणावें. त्याच्या पाठीवर घड्याळासारख्या चाळीस तबकड्या, चार ओळींत, दर ओळींत दहा. प्रत्येक तबकडीला दोन कांटे. एक एकेक माणूस मोजी, दुसरा शंभराशंभरांनीं, आणि मोजणी ९,९९९ पर्यंत जाई. टेबलावर उजव्या हाताला एक दाबयंत्र. त्याची खालची पाटी कठीण रबराची. तिच्यांत लहान लहान वाट्या कोरलेल्या आणि प्रत्येक वाटींत थोडा पारा. पाऱ्याखालून एकेक तार निघून मागच्या तबकड्यांकडे गेलेली. वरच्या दट्ट्याला तितक्याच स्प्रिंगच्या सुया. काम करणारी बाई डाव्या हातानें कार्ड पाटीवर ठेवी आणि उजव्या हातानें दांडा खालीं ओढी. जेथें कार्ड अखंड असे तेथें सुई कागदाला अडून मागें सरे. जेथें भोंक असे तेथें ती आरपार जाऊन पाऱ्यांत बुडे. तत्क्षणीं विजेचें मंडल पुरें होई, त्या तबकडीमागचा विद्युच्चुंबक जोर धरी, आणि कांटा एक घर पुढें सरके. त्याच वेळीं शेजारच्या पेटींतील अनेक खणांपैकीं एका खणाचें झांकण टपकन उघडे. कार्ड त्यांत टाकावयाचें, झांकण बंद करावयाचें, पुढचें कार्ड घ्यावयाचें. कार्ड नीट वाचलें गेलें म्हणजे घंटा वाजे. घंटा न वाजली तर कार्डांत कांहीं चूक आहे किंवा तें तिरकें ठेवलें गेलें आहे, असें समजून तें बाजूस काढीत. प्रत्येक कार्डाचा एक कोपरा छाटलेला असे, म्हणजे गठ्ठ्यांत एखादें उलटें शिरलें तर बोट फिरवतांच कळावें.

एवढ्यानेंच भागलें असतें तर हें यंत्र म्हणजे जलद रेघा ओढणारा कारकून एवढीच त्याची किंमत राहिली असती. खरी करामत रिलेंत, म्हणजे विजेच्या मार्गांत बसविलेल्या दरवाजांत होती. समजा, देशांत जन्मलेले गोरे पुरुष मोजावयाचे आहेत. मग गोऱ्यांच्या भोंकांतून आलेला प्रवाह सरळ तबकडीकडे न नेतां तो एक दरवाजा उघडण्याच्या कामीं लावावयाचा. त्या दरवाजांतून पुरुषांच्या भोंकाचा प्रवाह जाऊं द्यावयाचा. आणि त्यानें दुसरा दरवाजा उघडला तरच देशांत जन्मलेल्यांचा प्रवाह कांट्यापर्यंत पोंचावयाचा. तिन्ही भोंकें असतील तरच कांटा हलणार. तारांची ही जोडणी बदलली कीं प्रश्न बदलला. पूर्वीं ज्या मेळासाठीं सारे तक्ते नव्यानें चाळावे लागत, तो मेळ आतां कार्ड एकदां दाबलें कीं मिळूं लागला. आणि एका दाबासरशीं असे अनेक मेळ एकाच वेळीं.

१८९० च्या जूनमध्यें गणना झाली. प्रथम केवळ एकूण संख्या काढण्यासाठीं यंत्राला एक वेगळी कळपट्टी जोडून प्रत्येक कुटुंबांतील माणसांचा आंकडा दाबण्यांत आला. दोन निरनिराळ्या व्यक्तींनीं दोनदां दाबावयाचा आणि जमला तरच खरा धरावयाचा. सहा आठवड्यांत बेरीज हातीं आली : ६ कोटि २६ लक्ष २२ हजार २५०. मग कार्डांचें मोठें काम सुरू झालें. त्यांत पुष्कळ स्त्रिया होत्या, आणि टोंचण्याच्या कामांत त्या पुरुषांहून सरस ठरल्या असे त्या वेळचे अहवाल आहेत. एक गोष्टहि त्या कचेरींतून चालत आली आहे. यंत्रें अधूनमधून एकाएकीं बंद पडत. कारीगर येऊन पाहावा तों वाट्यांतला पारा नाहींसा झालेला असे. थोडी विश्रांति मिळावी म्हणून कामावरचेच कोणी थेंब काढण्याच्या नळीनें पारा शोषून थुंकदाणींत सोडून देत, असें म्हणतात. रोज हजारों वेळां दांडा ओढणाऱ्या हाताची बाजू यांत ऐकूं येते, म्हणून ही गोष्ट सोडून देववत नाहीं.

लोकांनीं या बेरजेचें स्वागत मात्र आनंदानें केलें नाहीं. देश साडेसहा कोटींच्या पुढें, कित्येकांच्या मतें साडेसात कोटींपर्यंत, गेला असावा अशी समजूत होती. आपला देश आपल्या अंदाजापेक्षां लहान निघाला हें कोणाला आवडणार? वृत्तपत्रांनीं यंत्रालाच धारेवर धरलें. न्यूयॉर्क शहरानें तर पोलिसांकरवीं स्वतःची वेगळी मोजणी करविली आणि ती सरकारी आंकड्याहून जवळ जवळ दोन लाखांनीं अधिक भरली. सरकारनें फेरगणनेस नकार दिला. यांत यंत्राचा दोष काढणें म्हणजे तराजूवर रागावण्यासारखें होतें. घरोघर फिरणाऱ्या गणकानें जें माणूस लिहिलेंच नाहीं, त्याचें कार्ड होणार कोठून?

यंत्रानें पैसा वांचविला अशी बढाई पुढें पुष्कळांनीं मारली, आणि तींत तथ्यहि आहे. पण १८९० च्या गणनेचा एकूण खर्च १८८० च्या जवळ जवळ दुप्पट झाला. मोजणें सोपें झालें म्हणतांच मोजण्याच्या गोष्टी वाढविल्या गेल्या.

हॉलेरिथच्या मानमरातबाला आतां तोटा राहिला नाहीं. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटनें त्याला १८९० सालीं एलियट क्रेसन पदक दिलें, आणि कोलंबियानें त्याच यंत्रावरील निबंधाबद्दल डॉक्टरेट दिली. ऑस्ट्रियानें १८९० च्याच गणनेंत हीं यंत्रें वापरलीं. कॅनडा व नॉर्वे यांनींहि तोच मार्ग धरला. १८९७ सालीं रशियाच्या पहिल्या सार्वत्रिक खानेसुमारीचें काम मिळालें, आणि साडेबारा कोटि माणसें या कार्डांवर चढलीं.

परंतु गणना दहा वर्षांनीं एकदां येते आणि कारखान्याला पगार दर महिन्याला द्यावा लागतो. म्हणून हॉलेरिथ व्यापाराकडे वळला. न्यूयॉर्क सेंट्रल या रेल्वेकडे मालाच्या पावत्या वर्षाला लाखोंनीं येत. त्यांत डोकीं मोजावयाचीं नव्हतीं, वजन आणि भाडें यांच्या बेरजा करावयाच्या होत्या. त्यासाठीं बेरीज करणारें नवें यंत्र तयार करावें लागलें. पहिला प्रयत्न रेल्वेला पसंत पडला नाहीं, तेव्हां त्यानें तें यंत्र पुन्हां घडविलें. १८९६ सालीं त्यानें टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली. यंत्रें तो विकीत नसे, भाड्यानें देई. आणि कार्डें त्याच्याकडूनच घ्यावीं लागत. या युक्तीनें तो श्रीमंत झाला आणि याच युक्तीनें सरकार त्याच्यावर रुष्ट झालें. १९०० च्या गणनेनंतर खानेसुमारीचें खातें कायमचें झालें, आणि त्याचे प्रमुख नॉर्थ यांना भाडें डोईजड वाटूं लागलें. हॉलेरिथ स्वभावानें हट्टी. तो एक पैसा कमी करीना. १९०५ सालीं करार मोडला आणि यंत्रें उचललीं गेलीं. खात्यानें स्वतःची कर्मशाळा काढून तेथें नवीं यंत्रें करविलीं. तींत जेम्स पॉवर्स नांवाचा रशियांत जन्मलेला एक कारीगर होता. त्याचें टोचणयंत्र १९१० च्या गणनेंत वापरलें गेलें, आणि १९११ सालीं पॉवर्सनें स्वतःचीच कंपनी काढली. हॉलेरिथ कोर्टांत गेला. पण तेथें त्याच्या हातीं कांहीं लागलें नाहीं. त्याच १९११ सालीं त्याची कंपनी दुसऱ्या कांहीं कंपन्यांशीं एकत्र झाली. १९१४ सालीं तींत थॉमस वॉटसन हे कारभारी आले आणि १९२४ सालीं तिचें नांव बदलून इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स, म्हणजेच आय. बी. एम., असें झालें. १९२८ सालीं त्या कंपनीनें वाटोळ्या भोंकांऐवजीं उभट चौकोनी भोंकें आणि ऐंशी रकाने असलेलें कार्ड काढलें. संगणक आल्यावरहि तीस-चाळीस वर्षें त्यांना घांस भरविला तो याच ऐंशी रकान्यांच्या कार्डानें.

हिंदुस्थानांतील खानेसुमारीनें वेगळी वाट धरली. १९०१ सालापासून येथें प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी करण्याची बव्हेरियांतील पद्धत आली. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळे, खुणेवरून स्त्री कीं पुरुष तें कळे, आणि कारकून त्या चिठ्ठ्या हातानें खणांत वांटून मोजीत. एका माणसाला एक कागद, हें तत्त्व दोन्हीकडे तेंच. सुई व पारा यांचें काम येथें अनेक दशकें माणसाच्या बोटांनीं केलें.

येथवरची कथा कल्पकतेची आणि व्यापाराची झाली. पण सुटें कार्ड ज्या गुणामुळें उपयोगी पडलें, त्याच गुणाची एक काळी बाजूहि आहे. ज्या यंत्राला शेतकरी निवडून काढतां येतात, त्याला कोणाहि जातीचीं वा धर्माचीं माणसें निवडून काढतां येतात. जर्मनींत हॉलेरिथचीं यंत्रें पुरविणारी एक कंपनी १९१० पासून होती आणि पुढें ती अमेरिकन कंपनीच्या मालकीची झाली. हिटलर अधिकारावर आल्यानंतर १९३३ व १९३९ सालीं ज्या गणना झाल्या, त्या या यंत्रांवर मोजल्या गेल्या. १९३९ च्या गणनेंत एका पुरवणी कार्डावर प्रत्येकाच्या चारहि आजा-आज्यांपैकीं यहुदी वंशाचें कोण, असा प्रश्न होता. पुढील भीषण कत्तलींत या यंत्रांचा वाटा नेमका किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु प्रश्न कशासाठीं विचारला होता, याविषयीं शंका नाहीं. अमेरिकेनेंहि हात झटकावेत अशी स्थिति नव्हती. १९४२ सालीं पश्चिम किनाऱ्यावरील लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून छावण्यांत ठेवण्यांत आलें, तेव्हां ते कोणत्या भागांत किती आहेत याचे तक्ते १९४० च्या खानेसुमारीवरून तयार करून देण्यांत आले. त्याबद्दल खात्याच्या प्रमुखांनीं जाहीर खेद व्यक्त केला तो २००० सालीं.

अशा काळांत या कार्डांशीं नातें जडलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचें नांव घेणें अगत्याचें आहे. रने कार्मीय हे लष्करी हिशेबखात्यांतील अधिकारी. कार्डयंत्रांचे ते जाणकार होते. १९४० सालीं फ्रान्स पडल्यावर त्यांनीं लियोंमध्यें, म्हणजे जाकारच्याच शहरांत, लोकसंख्येचें एक नवें खातें उभें केलें. वरवर पाहतां तें जर्मनांशीं तडजोड केलेल्या सरकारचें खातें. आंतून मात्र लढाऊ वयाच्या, विशिष्ट धंद्यांतील फ्रेंच पुरुषांची निवड करून गुप्तपणें सैन्य उभारतां यावें, या बेतानें कार्डें तयार होत होतीं. यहुदींची नोंद काढण्याचें काम त्यांच्या खात्याकडे होतें. तें त्यांनीं जाणून लांबणीवर टाकलें, असें मानतात. १९४४ च्या फेब्रुवारींत जर्मनांनीं त्यांना पकडलें, त्यांचे हाल केले, पण त्यांच्या तोंडून कांहीं वदवितां आलें नाहीं. २५ जानेवारी १९४५ रोजीं डाखाउच्या छळछावणींत त्यांचा अंत झाला.

हॉलेरिथला यांतलें कांहीं पाहावें लागलें नाहीं. १९२१ सालीं त्यानें कामांतून अंग काढून घेतलें. शेवटचीं वर्षें शेतावरच्या गाई आणि वॉशिंग्टनमधलें घर यांत घालवून १७ नोव्हेंबर १९२९ रोजीं तो निवर्तला.

ज्या गणनेनें त्याचें नांव झालें, तिचे मूळ कागद त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. १० जानेवारी १९२१ रोजीं संध्याकाळीं वॉशिंग्टनच्या व्यापारखात्याच्या इमारतींत तळघराला आग लागली. १८९० च्या गणनेचे घरोघरचे तक्ते तेथें ठेवलेले होते. कांहीं जळले, पुष्कळसे आग विझविण्याच्या पाण्यानें भिजून खराब झाले, आणि उरलेले पुढें सरकारनेंच निरुपयोगी म्हणून नष्ट करविले. हॉलेरिथच्या कार्डांवर माणसाचें नांव कधींच नसे. त्यावर फक्त भोंकें. त्यामुळें सव्वासहा कोटींहून अधिक माणसांचीं वयें, धंदे आणि जन्मस्थानें यांच्या बेरजा छापील खंडांत आजहि शाबूत आहेत. नांवानिशीं सांपडतात तीं त्यांपैकीं सुमारें सहा हजार माणसें.